फ्रॉइडशी पत्रांतून वाद घालणारा कलकत्त्याचा डॉक्टर

‘ट्रॉमा’, ‘इगो’, ‘मनात दाबून ठेवलंय’ हे शब्द आता कॉलेजच्या कट्ट्यापासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. परीक्षांचे दिवस आले की वर्तमानपत्रं समुपदेशकांचे फोन नंबर छापतात. एखाद्या नटाने ‘मी थेरपी घेतली’ असं सांगितलं की त्याची बातमी होते. ही सगळी भाषा कुठून आली, असं विचारलं तर बहुतेक जण मनोविश्लेषणाचे जनक, व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांचं नाव घेतात. ते बरोबरच आहे. पण त्यासोबत एक गैरसमजही चालत येतो. फ्रॉइड यांनी विचार केला आणि आपण तो खूप उशिरा, आयता उचलला, असं अनेकांना वाटतं.

प्रत्यक्षात भारतीय मनोविश्लेषण संस्था कलकत्त्यात १९२२ साली उभी राहिली, पॅरिसमधली अशी संस्था निघण्याच्या चार वर्षं आधी. तिचे संस्थापक डॉ. गिरींद्रशेखर बोस यांची फ्रॉइड यांच्याशी आयुष्यात एकदाही भेट झाली नाही, पण सुमारे सतरा वर्षं पत्रव्यवहार चालला. त्या पत्रांत आदर भरपूर आहे आणि मतभेदही स्पष्ट आहेत. बोस यांचा मुख्य विचार समजला तर मनोविश्लेषण ही काय चीज आहे ते कळतंच, शिवाय त्यात आपल्या मातीतून काय भर पडली तेही कळतं.

आधी मूळ गोष्ट: मनोविश्लेषण म्हणजे काय?

आपल्याला स्वतःच्या मनातलं सगळं माहीत असतं, असं आपण धरून चालतो. मनोविश्लेषणाची सुरुवात याच्या उलट गृहीतकापासून होते. मनाचा मोठा भाग आपल्या नजरेआड असतो. त्याला अबोध मन म्हणतात. काही इच्छा, भीती, राग इतके नकोसे किंवा लाजिरवाणे वाटतात की मन त्यांना जाणिवेत येऊच देत नाही. या क्रियेला दमन म्हणतात. दमन म्हणजे ठरवून गप्प बसणं नव्हे. ठरवून गप्प बसलेल्या माणसाला आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. दमनात माणसाला स्वतःलाच पत्ता नसतो.

समजा, एका मुलाला वडिलांच्या जाचाचा प्रचंड संताप येतो, पण वडिलांवर रागावणं हे पाप आहे असं त्याच्या मनावर पक्कं बिंबलेलं आहे. तो संताप विसरला जातो, नाहीसा मात्र होत नाही. हाच मुलगा पुढे नोकरीला लागतो आणि साहेबासमोर सही करताना त्याचा हात थरथरायला लागतो. डॉक्टर तपासतात, हाताला काही झालेलं नसतं. मनोविश्लेषक अशा माणसाला मनात येईल ते, निवड न करता, बोलायला सांगतो. तो अडखळतो कुठे, विषय बदलतो कुठे, स्वप्नं कसली पाहतो, यावरून दडलेली गोष्ट हळूहळू वर येते. ती शब्दांत पकडता आली की तिचा जोर कमी होतो, असा या उपचाराचा दावा आहे.

पुढचं सगळं समजायला अबोध मन आणि दमन हे दोन शब्द पुरेसे आहेत.

बोस कोण होते?

जन्म ३० जानेवारी १८८७, दरभंग्याचा. वडील चंद्रशेखर बोस दरभंगा संस्थानाचे दिवाण. गिरींद्रशेखर हे भावंडांतले धाकटे. मोठे भाऊ राजशेखर रसायनशास्त्रज्ञ होते आणि ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिणारे बंगालीतले गाजलेले विनोदी लेखकही. गिरींद्रशेखर यांनी आधी प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं, मग कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १९१० साली डॉक्टरकी पूर्ण केली. तरुणपणी त्यांना जादूचे प्रयोग आणि संमोहन यांचा नाद होता, आणि हा नाद पुढे कामाला आला. मनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांवर ते सुरुवातीला संमोहनानेच उपचार करत. फ्रॉइड यांची पुस्तकं हाती येण्याआधीच, रुग्णांशी बोलता बोलता, ते दमनाच्या कल्पनेजवळ स्वतःहून पोहोचले होते.

डॉक्टरकी जोरात चालू असताना त्यांनी कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १९२१ साली दमन याच विषयावरच्या प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली. तो प्रबंध पुस्तकरूपाने फ्रॉइड यांच्याकडे गेला. जगाच्या त्या भागातून आलेल्या या विषयावरच्या पहिल्या पुस्तकात इतकी समज आणि इतका स्वतंत्र विचार असावा, याचं फ्रॉइड यांना सुखद आश्चर्य वाटलं आणि त्यांनी तसं लिहून कळवलं. जतींद्रकुमार सेन या चित्रकाराने फ्रॉइड यांना न पाहता, केवळ कल्पनेने, त्यांचं एक चित्र काढलं होतं. बोस यांनी तेही पाठवलं. त्यात आपण अगदी इंग्रज दिसतो, असं फ्रॉइड यांनी एका मैत्रिणीला गमतीने लिहिलं.

मनोविश्लेषण संस्था बोस यांच्या राहत्या घरात, पारसीबागान लेनमधल्या १४ क्रमांकाच्या वाड्यात सुरू झाली. पंधरा संस्थापक सदस्य होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला सामावून घेतलं. आज मनोविश्लेषक व्हायचं तर आधी स्वतःचं विश्लेषण दुसऱ्या जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. बोस यांचं विश्लेषण करणारं भारतात कुणीच नव्हतं. त्यांनी ते स्वतःच स्वतःचं केलं, जसं फ्रॉइड यांनाही करावं लागलं होतं.

त्यांचा मुख्य विचार: प्रत्येक इच्छेची उलटी बाजू

आता खऱ्या गाभ्याकडे येऊ. मला या विषयातला हा सर्वात मोलाचा भाग वाटतो, म्हणून इथे जरा थांबून पाहू.

फ्रॉइड यांच्या मते इच्छा दाबली जाते ती बाहेरच्या दबावामुळे: आईवडिलांची शिक्षा, समाजाचे नियम, आणि ते नियम आत उतरून तयार झालेला मनातला पहारेकरी. बोस यांनी विचारलं, की केवळ बाहेरच्या धाकाने इच्छा दबते तर धाक संपल्यावर ती परत वर का येत नाही? त्यांचं उत्तर असं: इच्छा कधी एकटी नसतेच. ‘मारावं’ या इच्छेसोबत ‘मार खावा’ ही इच्छाही जन्माला येते. ‘प्रेम करावं’ सोबत ‘आपल्यावर प्रेम व्हावं’, ‘पाहावं’ सोबत ‘पाहिलं जावं’. दोन्ही एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. म्हणून एक जाणिवेत राहते आणि तिची जोडीदार अबोध मनात ढकलली जाते. म्हणजे दमनाचं कारण मुळातच मनाच्या रचनेत आहे, बाहेरचा धाक त्याला फक्त निमित्त देतो.

पहिल्यांदा ऐकताना ‘मार खावा’ अशी इच्छा कुणाला कशी असेल, असं वाटतं. बोस यांचा मुद्दा नीट पाहिला तर तो इतका विचित्र नाही. मारण्यात दोन जागा आहेत, मारणाऱ्याची आणि मार खाणाऱ्याची. समोरच्याला लागलं हे कळायला, त्यात समाधान वाटायला किंवा त्याबद्दल वाईट वाटायलासुद्धा, आपल्याला क्षणभर त्याच्या जागी जावं लागतं. ज्याला त्या जागेची काहीच कल्पना नाही, त्याच्यासाठी मारणं ही कृतीच अर्थशून्य आहे. इंजेक्शन घेऊन रडत घरी आलेली मुलगी थोड्याच वेळात बाहुलीला इंजेक्शन देत बसते. डॉक्टरांकडे ती सोसणाऱ्याच्या जागी होती, घरी ती दुसरी जागा घेते. दोन्ही जागा तिच्या मनात तयार आहेत.

‘जशास तसे’ ही भावना इतकी खोलवर का रुजलेली असते आणि परक्याचं दुःख पाहून आपल्या पोटात का तुटतं, या दोन्हींचं मूळ बोस यांनी याच जोडीत पाहिलं. सूड आणि सहानुभूती यांना एकाच मुळातून फुटलेलं पाहण्याचं धाडस मला फार मोठं वाटतं. आपण एरवी एकाला दुर्गुणांच्या आणि दुसरीला सद्गुणांच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

मग उपचार कसा करायचा?

या विचारातून त्यांची उपचाराची रीत निघाली. ती समजावायला बागेतल्या सी-सॉची उपमा पुरेशी आहे, आणि खुद्द बोस यांनीही आपल्या पद्धतीला तेच नाव दिलं होतं. फळीचं एक टोक वर असलं की दुसरं खाली, नजरेआड जातं. वर असलेल्या इच्छेवर बसून राहिलात तर खालची कधीच दिसणार नाही. म्हणून ते रुग्णाला आधी जाणिवेतली इच्छा मनासमोर पूर्णपणे रंगवायला सांगत. मग म्हणत, आता समोरच्या माणसाच्या जागी जा आणि हाच प्रसंग तिथून अनुभवा. मग परत पहिल्या जागी. असे झोके घेत राहिल्यावर दडलेली इच्छा वर येते, दोघींची ओळख होते आणि ताण सुटतो.

मघाच्या थरथरत्या हाताच्या माणसाला हे लावून पाहा. वडिलांवरचा राग ओळखणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी अवघड: वडिलांच्या जागी बसून मुलावर डाफरून पाहणं, आणि ते करताना आपल्यालाही तो अधिकार हवाहवासा वाटतो हे मान्य करणं.

या रीतीत डॉक्टर गप्प बसून राहत नाही. फ्रॉइड यांच्या परंपरेत विश्लेषक फारसा हस्तक्षेप करत नाही. बोस सुचवत, दिशा देत, मार्ग दाखवत. पुढच्या अभ्यासकांना त्यांच्यात गुरू-शिष्य नात्याची छाया दिसली ती याचमुळे. मला यात एक धोकाही दिसतो. दिशा देणारा डॉक्टर नकळत स्वतःचीच उत्तरं रुग्णाच्या तोंडी घालू शकतो.

फ्रॉइड यांना हे पटलं का?

पूर्णपणे नाही. १९२९च्या सुमारास दोघांत या विषयावर तपशिलात पत्रं गेली-आली. परस्परविरोधी इच्छांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याकडे आपलं दुर्लक्ष झालं, हे फ्रॉइड यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण सिद्धांत म्हणून तो त्यांना सपाट वाटला, त्यात खोलीची मिती नाही असं ते म्हणाले. त्यांचा आक्षेप असा मांडता येईल: इच्छांच्या जोड्या लावून दाखवल्या, ठीक, पण अमुक माणसात अमुक वयात त्यातली हीच इच्छा का दबली, कोणत्या झटापटीतून दबली, याचा इतिहास कुठे आहे? हा आक्षेप वजनदार आहे. बोस यांची मांडणी कधी कधी रसायनशास्त्रातल्या समीकरणासारखी नेटकी होते आणि माणसाचं आयुष्य तितकं नेटकं नसतं.

दुसरा वाद इडिपस गंडावर झाला. ही फ्रॉइड यांची सर्वात गाजलेली कल्पना. लहान मुलाला आई फक्त आपली हवी असते, वडील वाटेतले प्रतिस्पर्धी वाटतात. वडील आपलं लिंग कापून टाकतील अशी भीती त्याच्या मनात बसते आणि त्या भीतीपोटी तो ही इच्छा सोडून देतो, अशी ही मांडणी. बोस यांनी आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून कळवलं की युरोपातल्या रुग्णांत ही भीती महत्त्वाची असेलही. पण ती इतकी परिणामकारक ठरते कारण तिच्याखाली स्त्री होण्याची इच्छा दडलेली असते. ही इच्छा भारतीय पुरुषांत युरोपियनांपेक्षा अधिक सहज वर येते, असं त्यांचं निरीक्षण होतं. शिवाय मुलगा केवळ भिऊन माघार घेतो हेही त्यांना मान्य नव्हतं. कल्पनेत वडिलांवर मात करता आली की मगच हा गुंता सुटतो, असं त्यांचं म्हणणं.

हे वाचताना माझ्या मनात आपली संतपरंपरा येते. (हा संबंध मी जोडतो आहे, बोस यांनी नव्हे.) ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांत पुरुष कवी प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या आवाजात बोलतो. विठ्ठल पुरुष देव, पण त्याला आपण सर्रास माउली म्हणतो. पुरुषाच्या मनातल्या स्त्रीपणाला जिथे लाजिरवाणं न मानता पूजेत जागा मिळाली, तिथल्या माणसांचं मन व्हिएन्नातल्या मध्यमवर्गीय घरातल्या मनापेक्षा थोडं वेगळं घडलं असेल, हे मला पूर्ण शक्य वाटतं.

मतभेदांनी स्नेह तुटला नाही. १९३१ साली फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या संस्थेने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. त्रावणकोरमधल्या एका जुन्या पाषाणशिल्पावरून ती घडवली होती. फ्रॉइड यांनी ती आपल्या अभ्यासिकेत ठेवली.

‘पण हे शेवटी साहेबाचंच शास्त्र ना?’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बोस यांच्याच संस्थेत दोन ब्रिटिश संस्थापक सदस्य होते. त्यातले ओवेन बर्कली-हिल रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे प्रमुख. त्यांनी मनोविश्लेषणाची भाषा वापरून हिंदूंच्या स्वभावाची आणि धर्माची चिकित्सा केली, आणि तिचा सूर होता की ही माणसं मनाने बालिश, विकृत आहेत. क्लॉड डेली या लष्करी अधिकाऱ्याने तर क्रांतिकारकांच्या राजकीय बंडालाच मनोविकाराच्या रांगेत बसवलं. गुलामगिरीविरुद्धचा राग हा आजार ठरवला की राज्यकर्त्याला उत्तर द्यावंच लागत नाही. शास्त्राचा असा गैरवापर झाला, हे स्पष्ट म्हणायला हवं.

बोस यांचं काम म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी या शास्त्राकडे पाठ फिरवली नाही आणि त्यापुढे मानही तुकवली नाही. भारतीय मन युरोपियन मनाची बिघडलेली आवृत्ती आहे हे न मानता, ते वेगळं दिसत असेल तर सिद्धांतालाच बदलावं लागेल, असं त्यांनी सिद्धांताच्या जनकाला कळवलं. सोबत गीता आणि पुराणांवर अभ्यासपूर्ण लेखन केलं, स्वप्नांवर बंगालीत पुस्तक लिहिलं, मानसशास्त्रासाठी बंगाली परिभाषा घडवली. आपल्या लोकांनी आपल्या भाषेत मनाविषयी बोलावं यासाठी एका कामात गढलेल्या डॉक्टरने इतका वेळ द्यावा, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

‘हे विज्ञान आहे, की नुसत्या कल्पना?’

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे: जो सिद्धांत कधीच चुकीचा ठरवता येत नाही तो विज्ञान नव्हे. रुग्ण ‘हो’ म्हणाला तर सिद्धांत खरा, आणि ‘नाही’ म्हणाला तर तो दमन करतोय, म्हणून पुन्हा सिद्धांतच खरा. हा आक्षेप बोस यांनाही लागू पडतो. प्रत्येक इच्छेमागे उलटी इच्छा आहेच, असं आधीच ठरवलं तर ती नसल्याचा पुरावा द्यायचा तरी कसा?

म्हणून आज कोणताही जबाबदार तज्ज्ञ ही मांडणी गुरुत्वाकर्षणाच्या नियमासारखी सिद्ध झाल्याचं सांगणार नाही. आज अधिक वापरली जाणारी, विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही थेरपी अधिक तपासली गेली आहे. मात्र ती घडवणारे ॲरन बेक मुळात मनोविश्लेषणातच तयार झाले होते. आपल्या वागण्यामागे आपल्याला न दिसणारी कारणं असतात, आणि ती विश्वासाच्या माणसापाशी बोलल्याने फरक पडतो, एवढा पाया बहुतेक थेरपींनी कमी-अधिक प्रमाणात ठेवला आहे.

‘नुसतं बोलून आजार बरे होतात का?’

सगळे नाहीत, आणि बोस स्वतः रुग्णालय चालवणारे डॉक्टर होते. कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, १९३३ साली मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. सर्वसाधारण रुग्णालयातला हा देशातला पहिला असा विभाग आणि त्यामागे बोस होते. मनाचा रुग्ण म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात कोंडायचा माणूस, असं मानलं जाई त्या काळी इतर आजाऱ्यांसारखं त्यालाही सकाळी येऊन, तपासून घेऊन, घरी परतता येऊ लागलं. १९४० साली भाऊ राजशेखर यांच्या मदतीने तिलजला भागात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उघडलं.

तिथलाच एक रुग्ण या उपचाराची मर्यादा दाखवतो. ‘विद्रोही कवी’ काझी नजरुल इस्लाम यांची १९४२ साली वाचा गेली, स्मृती ढासळू लागली. त्यांना लुंबिनी पार्कमध्ये काही महिने ठेवलं, पण गुण आला नाही. पुढे १९५३ साली त्यांना युरोपला नेलं, तेव्हा व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी निदान केलं ते मेंदू झिजवणाऱ्या पिक्स डिसीजचं. मेंदूच झिजत असेल तर दबलेल्या इच्छा शोधून उपयोग नाही. त्याच वर्षी ३ जूनला बोस यांचं निधन झालं.

‘मग आज मला गरज पडली तर कुणाकडे जायचं?’

बोस यांच्यानंतर हे काम विखुरलं, पण थांबलं नाही. त्यांनी १९४७ साली सुरू केलेलं ‘समीक्षा’ हे नियतकालिक संस्थेने पुढे चालवलं. मुंबईत या विषयाचा पाया घालण्यात मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांमुळे इटली सोडून आलेले मनोविश्लेषक एमिलिओ सर्वादिओ यांचा वाटा होता. गोव्यात राहून लिहिणारे, २०२४ साली निधन पावलेले मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी भारतीय कुटुंब, भक्ती आणि मन यांचा संबंध शोधत बोस यांचाच प्रश्न पुढे नेला.

तरीही गरजेच्या मानाने सोय फार तोकडी आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असं आढळलं. त्यामुळे पहिली पायरी कोणती, हे माहीत असणं फार गरजेचं आहे. झोप, भूक, कामधंदा यांवर परिणाम होत असेल, भास होत असतील किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषध लिहून देऊ शकणारा डॉक्टर. नातेसंबंध, जुनी भीती, पुन्हा पुन्हा तीच चूक होणं अशा गोष्टींसाठी बोलून उपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे का, हे विचारायला संकोच नको. पद्धत कोणती, साधारण किती महिने, फी किती, आणि बोलणं मराठीत होईल का, हेही पहिल्याच भेटीत विचारावं. जवळपास कुणीच नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ मदतवाहिनीवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं. फोन विनामूल्य आहे आणि सेवा चोवीस तास चालू असते.